निम्मा नफा गृहीत धरला तर : आदिलाबादमधील दंतवैद्यक व्यवसायाचे करगणित

भारताचा आयकर कायदा लहान व्यावसायिकांबद्दल एक सोयीचे गृहीतक बाळगतो, ते असे की वकील, वास्तुविशारद किंवा वैद्यक व्यावसायिक यांच्याकडे वर्षभरात जी जमा होते तिचा निम्मा भाग खर्चात जातो आणि उरलेला निम्मा भाग नफा असतो. टेबल, खुर्ची आणि पुस्तकांचे कपाट एवढ्यावर चालणाऱ्या व्यवसायाला हे गृहीतक बहुधा लाभदायक ठरते. दंतवैद्याचे तसे नाही. त्याच्या दवाखान्यात यंत्रे असतात, प्रत्येक कृत्रिम दातामागे प्रयोगशाळेचे बिल असते, साहित्य सतत संपत असते, आणि ज्या शाखेचे ज्ञान त्याच्यापाशी नाही त्या शाखेचा तज्ज्ञ बाहेरून बोलवावा लागतो. शिवाय खर्चाचे हे प्रमाण आयुष्यभर एकसारखे राहत नाही, कारण पहिल्या पाच वर्षांत ते निम्म्याहून बरेच वर असू शकते, तर कर्ज फिटल्यावर आणि यंत्रे जुनी झाल्यावर ते निम्म्याच्या खाली उतरते. म्हणून या व्यवसायातील करनियोजन म्हणजे वजावटींची यादी पाठ करणे नव्हे, तर स्वतःच्या खर्चाचे खरे प्रमाण दरवर्षी ओळखून त्यानुसार मार्ग निवडणे होय, अशी या प्रकरणाची भूमिका आहे. येथे दिलेले कलमांचे क्रमांक वाचकांच्या परिचयाच्या १९६१ च्या कायद्यातील आहेत. १ एप्रिल २०२६ पासून त्याची जागा आयकर अधिनियम २०२५ याने घेतली असून क्रमांक बदलले असले तरी या प्रकरणापुरती तत्त्वे जवळपास तीच आहेत.

हा विषय तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्याच्या संदर्भात पाहण्याला कारण आहे. उत्तरेला पैनगंगा आणि तिच्यापलीकडे यवतमाळ, अंगाला नांदेड आणि चंद्रपूर, आणि मधून नागपूर-हैदराबाद हा राष्ट्रीय महामार्ग ४४ अशी या जिल्ह्याची ठेवण आहे. किनवट आणि राजुरा हे तालुके १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत याच जिल्ह्यात होते. पुढे ११ ऑक्टोबर २०१६ रोजी जुन्या जिल्ह्यातून निर्मल, मंचेरियाल आणि कोमरम भीम आसिफाबाद हे जिल्हे वेगळे निघाले, तरी बेला, जैनद, तामसी, भीमपूर या सीमेलगतच्या मंडलांत मराठी बोलणारी कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. अशा घरातील तरुण नागपूरला किंवा हैदराबादला शिकतो, आदिलाबादला दवाखाना काढतो आणि आठवड्यातून एखादा दिवस किनवटला किंवा पांढरकवड्याला जातो. आयकराला ही सीमा दिसत नाही, कारण तो केंद्राचा कर आहे आणि एका व्यक्तीचा पॅन क्रमांक देशभर एकच असतो. व्यवसायकराला मात्र ती दिसते. संविधानाच्या अनुच्छेद २७६ नुसार हा कर राज्याचा असून त्याची कमाल मर्यादा एका राज्यासाठी एका व्यक्तीमागे वर्षाला २,५०० रुपये आहे, म्हणजे दोन्ही राज्यांत दवाखाना चालवणाऱ्याने दोन्हीकडे नोंदणी करून दोन्हीकडे तो भरावयाचा असतो. तेलंगणात स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्या वैद्यक व्यावसायिकाला पहिली पाच वर्षे या करातून सूट आहे आणि त्यानंतर तो पूर्ण २,५०० रुपये द्यावा लागतो. रक्कम लहान आहे, पण विसरली गेल्यास व्याज आणि दंडासह साचत जाते.

बीडीएस या पदवीला चार वर्षे आणि त्यानंतर एक वर्षाची आंतरवासिता लागते, तर एमडीएस करणाऱ्याची आणखी तीन वर्षे जातात. सोबतचे अभियंते या काळात पगार घेऊ लागलेले असतात आणि दंतवैद्यावर शैक्षणिक कर्ज वाढत असते. या कर्जाच्या व्याजासाठी कलम ८०ई खाली वजावट मिळते. परतफेड सुरू झाल्याच्या वर्षापासून एकूण आठ वर्षे ती घेता येते आणि तिला रकमेची कमाल मर्यादा नाही, परंतु ती केवळ व्याजाला लागू आहे, मुद्दलाला नाही. तिचा दुसरा बंध अधिक महत्त्वाचा आहे. आयकराच्या दोन पद्धती सध्या शेजारी शेजारी नांदत आहेत : जुनी पद्धत, जिच्यात दर चढे पण वजावटी भरपूर, आणि नवी पद्धत, जिच्यात दर उतरते पण बहुतेक वजावटी नाहीत. ८०ई ची वजावट फक्त जुन्या पद्धतीत मिळते. आर्थिक वर्ष २०२५-२६ पासून नव्या पद्धतीत १२ लाख रुपयांपर्यंतच्या सर्वसाधारण उत्पन्नावर करसवलतीमुळे कर शून्यावर येत असल्याने नवशिक्या दंतवैद्याला व्याजाच्या वजावटीसाठी जुन्या पद्धतीत जाण्याचे कारण सहसा उरत नाही. एक अट मात्र ध्यानात ठेवावी लागते. व्यवसायाचे उत्पन्न असणाऱ्याने एकदा जुनी पद्धत स्वीकारून पुन्हा नवीत प्रवेश केला, तर व्यवसाय चालू असेपर्यंत त्याला परत जुनीत जाता येत नाही. पगारदाराप्रमाणे दरवर्षी पद्धत बदलण्याची मुभा त्याला नाही.

शिक्षणानंतरची पहिली दोन-चार वर्षे बहुतेक जण दुसऱ्याच्या दवाखान्यात, एखाद्या साखळी दवाखान्यात किंवा रुग्णालयात काढतात. तेथे मिळणारा पैसा पगार आहे की व्यावसायिक फी, हे नेमणूकपत्रावरून ठरते आणि त्यावर करआकारणी अवलंबून असते. पगार असेल तर नव्या पद्धतीत ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट मिळते. फी असेल तर कलम १९४जे खाली, वर्षाची रक्कम ५०,००० रुपयांपेक्षा अधिक असल्यास, देणारा १० टक्के कर आधीच कापून सरकारकडे भरतो. अनेक तरुण दंतवैद्य ही कपात म्हणजेच आपला कर असे समजून विवरणपत्र भरत नाहीत. त्यांचे एकूण उत्पन्न करपात्र मर्यादेखाली असल्यास कापलेली सगळी रक्कम परत मिळू शकते आणि विवरणपत्र न भरल्यास ती सरकारजमा राहते. शिवाय पुढे दवाखान्यासाठी कर्ज मागताना बँक बहुधा मागील दोन-तीन वर्षांची विवरणपत्रे पाहते, त्यामुळे ती भरण्याची सवय पहिल्या कमाईपासून लागलेली बरी.

स्वतःचा दवाखाना काढण्याचा निर्णय हा या कारकिर्दीतील सर्वांत मोठा आर्थिक निर्णय होय. दाताची खुर्ची, कॉम्प्रेसर, ऑटोक्लेव्ह म्हणजे उपकरणे निर्जंतुक करणारे यंत्र, क्ष-किरण यंत्र आणि त्याचा डिजिटल संवेदक एवढे तर लागतेच. क्ष-किरण यंत्रासाठी अणुऊर्जा नियामक मंडळाकडे नोंदणी, जैववैद्यकीय कचऱ्यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी आणि राज्याच्या दंतपरिषदेत नाव हेही ओघाने येते. या सर्वांचे शुल्क व्यवसायाचा खर्च म्हणून धरता येते. जागेच्या बाबतीत आदिलाबादची एक खास अडचण आहे. उटनूर, इंद्रवेल्ली, नारनूर या भागांतील गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात आणि तेथे १९५९ चा भूहस्तांतरण विनियम, १९७० च्या दुरुस्तीसह, लागू आहे. त्यानुसार तेथील स्थावर मालमत्ता आदिवासीखेरीज अन्य कोणाकडे हस्तांतरित होऊ शकत नाही, असा व्यवहार मुळातच शून्यवत ठरतो, आणि हस्तांतराच्या व्याख्येत विक्रीबरोबर गहाण व भाडेपट्टाही येतो. बिगरआदिवासी दंतवैद्याने अशा ठिकाणी इमारतीत पैसा गुंतवणे म्हणजे जी मालमत्ता कायद्याने स्वतःची होत नाही आणि बँक जिला तारण मानत नाही, तिच्यात भांडवल अडकवणे होय. तेथे सेवा देण्याची इच्छा असणाऱ्याने पैसा हलवता येणाऱ्या यंत्रांत ठेवावा आणि जागेचा करार करण्यापूर्वी वकिलाचे मत घ्यावे.

यंत्रांची किंमत एका वर्षात खर्च म्हणून दाखवता येत नाही. ती घसारा या नावाने, म्हणजे वापरामुळे झालेली झीज म्हणून, दरवर्षी थोडी थोडी वजा होते. दंतवैद्यकीय यंत्रांना साधारणपणे १५ टक्के, संगणकाला ४० टक्के आणि फर्निचरला १० टक्के असा दर आहे आणि तो मागील वर्षअखेरच्या शिल्लक मूल्यावर मोजतात. खरेदीच्या वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाल्यास त्या वर्षी निम्माच दर मिळतो. मार्चअखेरपासून मागे मोजले तर ही सीमारेषा ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात येते. दसऱ्याच्या मुहूर्तावर दवाखाना उघडण्याची प्रथा पाहता पुष्कळ नव्या दंतवैद्यांना पहिल्या वर्षी निम्म्या घसाऱ्यावर समाधान मानावे लागते, पण त्यासाठी मुहूर्त सोडण्याची गरज नाही. न मिळालेला घसारा बुडत नाही, तो शिल्लक मूल्यात राहून पुढच्या, अधिक उत्पन्नाच्या वर्षांत मिळतो. खरे नुकसान रोखीच्या खरेदीने होते. एका व्यक्तीला एका दिवसात १०,००० रुपयांपेक्षा अधिक रोख देऊन घेतलेल्या यंत्राची तेवढी किंमत घसाऱ्यासाठी मोजलीच जात नाही, आणि रोजच्या खर्चालाही हीच मर्यादा आहे. कर्जाच्या हप्त्याबाबतचा गैरसमजही येथेच दूर करायला हवा. हप्त्यातील व्याज हा खर्च आहे, मुद्दल हा खर्च नाही. महिन्याला ४०,००० रुपये भरणाऱ्याला त्यातील केवळ व्याजाचा भाग नफ्यातून वजा करता येतो, उरलेली रक्कम कर भरलेल्या उत्पन्नातून फेडावी लागते.

आता मूळ गृहीतकाकडे वळता येईल. कलम ४४एडीए हे आकलन वर्ष २०१७-१८ पासून लागू झाले. नव्या अधिनियमात हाच विषय कलम ५८ मध्ये आला आहे. वर्षाची एकूण जमा ५० लाख रुपयांपर्यंत असणाऱ्या विहित व्यावसायिकाने जमेच्या ५० टक्के रक्कम नफा म्हणून दाखवली, तर त्याला सविस्तर हिशेबाच्या वह्या ठेवण्याचे आणि लेखापरीक्षणाचे बंधन राहत नाही. रोखीची जमा एकूण जमेच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त नसेल तर ही मर्यादा ७५ लाखांपर्यंत जाते. याला अनुमानित करआकारणी म्हणतात. तिच्या छायेत २४ लाख रुपये जमा असणाऱ्या दंतवैद्याचे उत्पन्न १२ लाख धरले जाते आणि नव्या पद्धतीत त्याचा आयकर शून्य होतो. महिन्याला दोन लाखांची जमा ही जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका खुर्चीच्या दवाखान्याला लहान म्हणता येणार नाही, त्यामुळे कारकिर्दीच्या सुरुवातीला प्रत्यक्ष खर्च ७० टक्के असला तरी अनुमानित मार्गाने सहसा काही बिघडत नाही. त्या वर्षात खरोखरच तोटा झाला असेल तर मात्र वेगळा विचार हवा. नियमित वह्या ठेवून मुदतीत विवरणपत्र भरले तर व्यवसायातील तोटा पुढील आठ वर्षे ओढून नेता येतो. अनुमानित मार्गात तोट्याला स्थानच नाही.

जमा २४ लाखांच्या पुढे सरकली की चित्र झपाट्याने बदलते. २५ लाखांच्या जमेवर उत्पन्न साडेबारा लाख होते, सवलत सुटते, आणि सीमान्त सवलतीचा नियम लावूनही वरचे ५०,००० रुपये पूर्णपणे करातच जातात. जमा ४० लाख असेल तर अनुमानित उत्पन्न २० लाख आणि उपकरासह कर २,०८,००० रुपये. याच दवाखान्याचा खरा नफा ३५ टक्के, म्हणजे १४ लाख असेल, तर नियमित हिशेबाने कर ९३,६०० रुपये होतो. दोहोंतला फरक १,१४,४०० रुपयांचा आहे. निम्म्याहून कमी नफा दाखवणाऱ्याला, उत्पन्न करमुक्त मर्यादेपेक्षा अधिक असल्यास, वह्या ठेवून सनदी लेखापालाकडून लेखापरीक्षण करून घ्यावे लागते, त्यामुळे त्याची फी या फरकातून वजा करूनच निर्णय घ्यायला हवा. तरीही या टप्प्यावर केवळ कटकट नको म्हणून निम्मा नफा लिहून मोकळे होणे महागात पडते, आणि अशी उदाहरणे कमी नाहीत.

दंतवैद्याच्या बाबतीत हे गृहीतक बिनसण्याचे मुख्य कारण जमेच्या रचनेत आहे. दात सरळ करण्यासाठी तारा बसवणारा तज्ज्ञ किंवा जबड्याची शस्त्रक्रिया करणारा तज्ज्ञ महिन्यातून ठरलेल्या दिवशी सुमारे २०० किलोमीटरवरच्या नागपूरहून किंवा ३०० किलोमीटरवरच्या हैदराबादहून येतो. रुग्ण समजा ४०,००० रुपये दवाखान्यात भरतो, त्यातले २०,००० तज्ज्ञाला आणि काही प्रयोगशाळेला जातात, पण अनुमानित पद्धतीत दवाखान्याची जमा पूर्ण ४०,००० धरली जाते आणि तिच्या निम्म्यावर कर लागतो. तज्ज्ञाची फी रुग्णाने थेट तज्ज्ञाच्या खात्यात भरली आणि पावतीही त्यानेच दिली, तर ती दवाखान्याच्या जमेत येत नाही. ही व्यवस्था कागदोपत्री नसून प्रत्यक्षात तशीच असायला हवी, हे वेगळे सांगायला नको. दुसरी बाब घसाऱ्याची आहे. अनुमानित मार्ग घेतलेल्या वर्षांतही घसारा घेतला आहे असेच कायदा मानतो, म्हणजे यंत्रांचे शिल्लक मूल्य त्या काळात उतरतच राहते. पाच वर्षांनी नियमित हिशेबाकडे वळणाऱ्याला मूळ किमतीवर घसारा मागता येत नाही.

या कलमाची एक जमेची बाजू पुरेशी माहीत नसते. व्यापाऱ्यांसाठीच्या ४४एडी या कलमात एकदा मार्ग सोडला की पाच वर्षे परत येता येत नाही. व्यावसायिकांच्या ४४एडीए ला अशी अट नाही. त्यामुळे नवे क्ष-किरण यंत्र घेतले त्या वर्षी नियमित हिशेब आणि पुढे खर्च ओसरल्यावर अनुमानित मार्ग, अशी निवड वर्षागणिक करता येते. प्रौढ वयात, कर्ज फिटलेले आणि खर्च ३५ टक्क्यांवर आलेला असताना, हेच कलम खऱ्या अर्थाने उपकारक ठरते. त्या वेळी दाखवलेल्या नफ्यापेक्षा गुंतवणूक आणि घरखर्च मोठा दिसू लागला तर पैसा कोठून आला हे सांगण्याची तयारी ठेवावी लागते, म्हणून वह्यांची सक्ती नसली तरी नोंदी असाव्यात.

आदिलाबादच्या अर्थव्यवस्थेचा कणा कापूस आहे आणि त्याचा ताल दवाखान्याच्या जमेतही उमटतो. खरीप पेरणीच्या दिवसांत शेतकरी दुखऱ्या दातावर गोळी घेऊन दिवस काढतो, आणि कापूस बाजार समितीच्या आवारात जाऊ लागला की रूट कॅनाल, कॅप, कवळी ही लांबवलेली कामे निघतात. आगाऊ कर मात्र सर्वसाधारण करदात्याला १५ जूनला १५ टक्के, १५ सप्टेंबरला ४५, १५ डिसेंबरला ७५ आणि १५ मार्चला १०० टक्के अशा चार टप्प्यांत भरावा लागतो, आणि त्यातले पहिले दोन टप्पे नेमके हात आखडलेल्या महिन्यांत येतात. अनुमानित मार्ग घेणाऱ्याला संपूर्ण आगाऊ कर १५ मार्चपर्यंत एकाच हप्त्यात भरता येतो. कापसाच्या प्रदेशातील दंतवैद्यासाठी ही तारीख जणू हंगाम पाहूनच ठरवली असावी, इतकी सोयीची आहे. मात्र हंगामात आलेल्या पैशातून कराचा वाटा त्याच महिन्यात वेगळ्या खात्यात काढून ठेवला नाही तर मार्चमध्ये तो हाती नसतो. भारतीय कापूस महामंडळ खरेदीची रक्कम थेट शेतकऱ्याच्या बँक खात्यात जमा करते, त्यामुळे रुग्णाकडून यूपीआयने फी घेणे पूर्वीइतके अवघड राहिलेले नाही आणि ५ टक्के रोखीची अट ग्रामीण दवाखान्यालाही पाळता येण्यासारखी आहे. एका रुग्णाकडून एका दिवसात किंवा एकाच उपचारापोटी २ लाख किंवा त्याहून अधिक रोख घेतल्यास कलम २६९एसटी खाली तेवढ्याच रकमेचा दंड होतो. संपूर्ण जबड्याच्या इम्प्लांटचे काम करणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

नियमित हिशेब ठेवणाऱ्या वैद्यक व्यावसायिकासाठी १९६२ च्या नियमावलीतील नियम ६एफ ने एक साधी वही सांगितली होती. तिचे नाव नमुना ३सी, म्हणजे रोजची रुग्णनोंद : तारीख, अनुक्रमांक, रुग्णाचे नाव, दिलेली सेवा, मिळालेली फी आणि ती मिळाल्याची तारीख. नमुन्याच्या शीर्षकात शल्यवैद्य, वैद्य, हकीम यांच्याबरोबर दंतवैद्याचाही नामनिर्देश आहे. शिवाय वर्षाच्या पहिल्या आणि शेवटच्या दिवशी शिल्लक असलेल्या औषधांची व साहित्याची यादी करावी, आणि वह्या सहा वर्षे जपाव्यात, असा दंडक होता. कायदा सक्ती करो वा न करो, ही वही ठेवणाऱ्यालाच स्वतःच्या खर्चाचे प्रमाण कळते, आणि ते कळल्याशिवाय वरची सगळी निवड अंदाजपंचे होते. दंतवैद्यकात एक उपचार चार-पाच भेटींत चालतो आणि फीही तुकड्यातुकड्यांनी येते, म्हणून सेवा आणि फी यांच्या तारखा वेगळ्या ठेवण्याची या नमुन्याची रीत या व्यवसायाला नेमकी बसते.

वस्तू व सेवा कर, म्हणजे जीएसटी, बहुतेक दंतवैद्यांच्या वाट्याला थेट येत नाही. २८ जून २०१७ च्या अधिसूचनेने आरोग्यसेवेला त्यातून सूट दिली आहे. पण सौंदर्यवर्धक शस्त्रक्रिया, जन्मजात दोष किंवा अपघात यांतून निर्माण झालेली विकृती सुधारण्याचा भाग वगळता, त्या सूटीत येत नाही. निरोगी दात केवळ पांढरे करण्याचे काम सूटीत बसते की नाही यावर वाद होऊ शकतो, आणि सेवांसाठीची २० लाखांची नोंदणीमर्यादा मोजताना करमुक्त आणि करपात्र अशी दोन्ही उलाढाल एकत्र धरतात. २२ लाखांची करमुक्त फी घेणाऱ्याने ५०,००० रुपयांची एकच करपात्र सेवा दिली, तरी नोंदणीचा प्रश्न उभा राहतो. तेव्हा अशी सेवा सुरू करण्यापूर्वी सल्ला घेणे इष्ट. सूट असण्याची दुसरी बाजू ही की खरेदीवर भरलेला जीएसटी परत मिळत नाही, तो यंत्राच्या किमतीतच मिसळतो.

काही खर्च खर्च असूनही कायद्याला मान्य नसतात. रुग्ण पाठवणाऱ्याला दिलेला कट, म्हणजे दलाली, २०१४ च्या दंतवैद्यांच्या आचारसंहितेविरुद्ध असल्याने ती वजा करता येत नाही. उलट बाजूने, इम्प्लांटच्या कंपनीने दिलेली परदेशवारी किंवा भेटवस्तू हे दंतवैद्याचे करपात्र उत्पन्न असते आणि वर्षाला २०,००० रुपयांवरच्या अशा लाभावर जुलै २०२२ पासून १० टक्के कर आधीच कापला जातो. व्यावसायिक दायित्व विम्याचा हप्ता मात्र पूर्णपणे मान्य खर्च आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली आणल्यापासून हा विमा चैनीचा राहिलेला नाही.

जोडीदाराच्या नावे पगार दाखवून उत्पन्न विभागण्याचा मार्ग अनेकांना सुचतो. जोडीदाराकडे त्या कामाची तांत्रिक किंवा व्यावसायिक पात्रता असेल आणि पगार त्या कामापोटीच असेल तर तो टिकतो, नसेल तर कलम ६४ नुसार ती रक्कम पुन्हा दंतवैद्याच्याच उत्पन्नात मिळवली जाते. दोघेही दंतवैद्य असतील तर प्रश्न उरत नाही. शेतीच्या उत्पन्नाचा विषय या जिल्ह्यात अधिक नाजूक आहे. ते करमुक्त आहे हे खरे, पण ५,००० रुपयांपेक्षा अधिक असल्यास इतर उत्पन्नाचा दर ठरवताना ते हिशेबात घेतात. पैनगंगेच्या एका काठाला सातबारा आणि दुसऱ्या काठाला पट्टादार पासबुक असे कागद वेगळे असले तरी दोन्हींवर एकरांचा आकडा असतो, आणि कापसाच्या विक्रीच्या पावत्याही असतात. दवाखान्याची रोकड शेतीचे उत्पन्न म्हणून दाखवणाऱ्याचे बिंग या आकड्यांपुढे फुटायला वेळ लागत नाही. आदिवासी समाजातील दंतवैद्यांबाबतचा एक समजही येथे दुरुस्त करायला हवा. कलम १०(२६) मधील करमाफी ईशान्येकडील राज्ये आणि लडाखसारख्या विनिर्दिष्ट प्रदेशांपुरती आहे, तेलंगणातील अनुसूचित जमातींना ती लागू नाही.

सरकारी नोकरीतील दंत शल्यचिकित्सकाला निवृत्तिवेतन योजनेचा आधार असतो, खासगी व्यावसायिकाला भविष्यनिर्वाह निधीही नाही आणि उपदानही नाही. त्याचे उत्पन्न हात, डोळे आणि पाठीचा कणा यांवर उभे असते, आणि वाकून केलेल्या कामामुळे मान व पाठ यांची दुखणी या व्यवसायात सर्वपरिचित आहेत. म्हणून केवळ मृत्यूचा नव्हे तर अपंगत्वाचाही विमा तारुण्यातच घ्यावा. नव्या करपद्धतीत ८०सी ची वजावट नसल्याने करबचतीसाठी मार्चअखेर घाईने घेतलेल्या बचत-विमा पॉलिसींना आता कोणतेही समर्थन उरलेले नाही. सार्वजनिक भविष्यनिर्वाह निधीत, म्हणजे पीपीएफमध्ये, वर्षाला दीड लाखांपर्यंत भरता येतात आणि त्याचे व्याज दोन्ही पद्धतींत करमुक्त राहते. राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना १ मे २००९ पासून सर्व नागरिकांना खुली आहे. समभाग निधीतील दीर्घ मुदतीच्या नफ्यावर वर्षाला सव्वा लाखांपुढे १२.५ टक्के कर लागतो. या तिन्हींपैकी कोणते साधन निवडले यापेक्षा शैक्षणिक आणि यंत्रांचे कर्ज संपल्यावर तोच हप्ता बचतीकडे वळवला की नाही, यावर म्हातारपण अधिक अवलंबून असते.

दवाखाना दुसऱ्याच्या हाती देण्याची वेळ आली की मिळणाऱ्या रकमेचे तीन भाग पडतात आणि करारात ते वेगळे लिहिलेले असणे हिताचे ठरते. यंत्रांची किंमत शिल्लक मूल्यापेक्षा अधिक आल्यास वरचा भाग अल्प मुदतीचा भांडवली नफा धरतात. लौकिकाबद्दल मिळालेली रक्कम हाही भांडवली नफा असतो आणि स्वतः कमावलेल्या लौकिकाची मूळ किंमत शून्य धरतात. त्याच गावात पुन्हा दवाखाना न काढण्याच्या अटीबद्दल मिळालेले पैसे मात्र व्यवसायाचे उत्पन्न म्हणून नेहमीच्या दराने करपात्र होतात. विकत घेणाऱ्याला लौकिकाच्या किमतीवर २०२१ पासून घसारा मिळत नाही, त्यामुळे तो यंत्रांची किंमत चढवून लावण्याचा आग्रह धरण्याची शक्यता असते. मुलाने किंवा सुनेने दवाखाना पुढे चालवला तर मालमत्तेची भेट करमुक्त असते, पण यंत्रांचे शिल्लक मूल्य जुनेच पुढे चालते. दंतवैद्याचा मृत्यू झाल्यास त्या वर्षाचे विवरणपत्र कायदेशीर वारसाने भरावयाचे असते, आणि थकलेल्या कराची त्याची जबाबदारी वारशाने आलेल्या मालमत्तेतून जेवढी भागवता येईल तेवढीच असते.